यूएक्स रिसर्चची नोकरी ओळखीने मिळते, पण ही ओळख म्हणजे वशिला नव्हे

केळवे (वार्ताहर) : पदवी घेतलेली आपल्याकडची पोरं सकाळी केळवे रोडहून गाडी पकडतात, नाहीतर बोईसरला ठेकेदाराकडे नाव देऊन वाट बघत बसतात. कॉम्प्युटरवरची नोकरी म्हटली की कोडिंग आलंच पाहिजे, असा समज आहे. पण मोबाईल ॲपच्या धंद्यात एक काम असं आहे की ज्यात कोडिंग लागत नाही, माणसांशी बोलावं लागतं. त्याला यूएक्स रिसर्च म्हणतात. या नोकरीच्या सगळ्याच जागा जाहिरातीत येत नाहीत, बऱ्याच ओळखीपाळखीतून भरल्या जातात. मग आपल्याकडच्या मुलामुलीने ही ओळख आणायची कुठून, ते पाहूया.

काम काय असतं?

यूएक्स म्हणजे यूजर एक्सपिरियन्स, वापरणाऱ्याचा अनुभव. डॉन नॉर्मन ॲपल कंपनीत होते तेव्हा, १९९० च्या दशकात, त्यांनी हा शब्द रूढ केला. ॲप वापरताना माणूस कुठे अडतो, का अडतो, हे त्याच्या शेजारी बसून बघायचं, विचारायचं आणि कंपनीला लिहून द्यायचं, हे काम.

आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. ॲपमध्ये पिकाचा वर्ग विचारतात, 'निर्भेळ पीक' की 'मिश्र पीक'. आता आपल्या वाडीत नारळ, सुपारी, केळी आणि पानवेल एकाच तुकड्यात. 'निर्भेळ' हा शब्द किती जणांना कळतो? क्षेत्र कुठल्या पिकाला किती लिहायचं? फोटो कुठे उभं राहून काढायचा? इथे शेतकरी चुकला तर नोंद चुकते, आणि नोंद सातबाऱ्यावर जाते. असे अडखळण्याचे ठिकाण शोधून काढणारा माणूस म्हणजे यूएक्स रिसर्चर.

लांबची ओळख जास्त कामाची

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक लेख लिहिला. बोस्टनजवळ नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं की, ज्याच्याकडून नोकरी कळली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी शंभरात साधारण १७ जणांनीच 'नेहमी' असं सांगितलं. सुमारे ५६ जणांना ती कधीमधी भेटणाऱ्याकडून कळली, आणि २८ जणांना क्वचित भेटणाऱ्याकडून.

कारण आपल्याला नवीन नाही. पानाचा भाव शेजारच्या वाडीवाल्याला विचारून काय कळणार? त्याला आपल्याइतकंच माहीत. भाव कळतो तो बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्याकडून. नोकरीचंही तसंच. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांकडे एकच माहिती फिरत असते. नवी खबर दुसऱ्या वर्तुळातल्या माणसाकडे असते.

वशिला आणि ही ओळख यात फरक आहे. वशिल्यात माणूस तुमचं काम न बघता शब्द टाकतो. इथे तो आधी तुमचं काम बघतो, मग 'या मुलीशी बोलून बघा' एवढंच सांगतो. मुलाखत तुम्हालाच द्यायची असते. म्हणून ओळख काढायच्या आधी दाखवायला काम पाहिजे.

आधी पाच माणसांसोबत काम करा

जेकब नील्सन या तज्ज्ञांनी २००० साली मांडलं की पाच जणांना वापरायला देऊन बघितलं तरी बहुतेक अडचणी दिसून येतात. हे गावात बसून करता येतं.

एक ॲप निवडा. वेगवेगळ्या वयाचे पाच जण घ्या, त्यात बाया-माणसं दोन्ही असू द्या. ॲप कशाला बघताय ते सांगून परवानगी घ्या. मग त्यांना एकच काम द्या आणि गप्प बसा. 'इथे दाबा' असं सांगायचं नाही. कुठे थांबले, काय बोलले, ते लिहा. शेवटी दोन पानांत मांडा : काय पाहिलं, कुठे अडलं, का अडलं, काय बदललं तर सोपं होईल. नावं, आधार नंबर, सातबाऱ्याचे फोटो यांतलं काही त्यात टाकू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला आहे, आणि या कामात परवानगीला फार महत्त्व असतं.

आपल्या मुलांकडे एक गोष्ट आयतीच आहे. वाडवळी, मांगेली, वारली बोलणाऱ्या माणसांशी त्यांच्या बोलीत बोलता येतं. गावाकडच्या लोकांवर अभ्यास करणाऱ्यांना असा माणूस सोबत लागतो. लोक जमवून देणं, दुभाष्याचं काम करणं, मुलाखती ऐकून लिहून काढणं, अशा छोट्या कामांतून पुढची वाट मिळू शकते.

ओळखी कुठे करायच्या?

पवईच्या आयआयटीत आयडीसी ही डिझाईनची संस्था १९६९ पासून आहे, म्हणजे तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं त्याच वर्षापासून. मराठी टायपिंगसाठीचा स्वरचक्र कीबोर्ड तिथलाच. बारावीनंतर यूसीड आणि पदवीनंतर सीड या परीक्षांतून तिथे शिकायला जाता येतं. पण रिसर्चसाठी डिझाईनचीच पदवी हवी असं नाही. मानसशास्त्र, समाजशास्त्र, समाजकार्य शिकलेले लोकही या कामात आहेत.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक यूजेबिलिटी दिवस असतो. त्या सुमारास कुठे कार्यक्रम आहेत ते शोधा. एडीपीलिस्ट या ठिकाणी अनुभवी लोक ऑनलाइन, फुकट मार्गदर्शन करतात. लिंक्डइनवर या कामातले मराठी लोक शोधा, आपल्या कॉलेजचे माजी विद्यार्थी आधी.

पहिल्याच निरोपात 'नोकरी असेल तर सांगा' लिहू नका. असं लिहा :

"नमस्कार. मी केळवे, जि. पालघर इथली. गावातल्या पाच शेतकऱ्यांसोबत ई-पीक पाहणी ॲप वापरून पाहिलं, दोन पानांत लिहिलं आहे. तुम्ही या कामात कसे आलात आणि माझ्या लिखाणात काय कमी आहे, हे विचारायचं होतं. पंधरा मिनिटं मिळतील का?"

दहा जणांना लिहिलं तर एक-दोघं उत्तर देतील. त्यांनी सुचवलेला बदल करून परत दाखवा, आभार माना. तुम्हाला काही कळलं तर तुम्हीही दुसऱ्याला सांगा. ओळख अशीच टिकते, काम असेल तेव्हाच फोन करून टिकत नाही.

हे लक्षात ठेवा

या नोकऱ्या मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबादला आहेत. तारापूर एमआयडीसीचे कारखाने रसायन, औषध, कापड, पोलाद यांचे. तिथे हे काम सहसा मिळणार नाही. रिपोर्ट बहुतेक इंग्रजीत लिहावा लागतो, तेव्हा इंग्रजी लिहायचा सराव ठेवा. नवख्यांसाठी जागा कमी आणि उमेदवार जास्त, म्हणून हातातलं काम सोडून यामागे लागू नका.

आणि नोकरीसाठी कोणी रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंगचं डिपॉझिट मागितलं किंवा टेलिग्रामवर 'टास्क करा, पैसे मिळवा' सांगितलं, तर एक रुपयाही देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. खरी ओळख तुमच्याकडे काम मागते, पैसे मागत नाही.