बेटावरची बोट आणि वारा

आज आपण इटलीतल्या उस्तिका बेटावरच्या बोटींची माहिती घेऊ. सिसिलीच्या उत्तरेला असलेल्या या बेटाची वस्ती जेमतेम १,३००. मोठ्या दवाखान्यासाठी समुद्र ओलांडून पालेर्मो शहर गाठायचं. बोटी दोन प्रकारच्या. एक वेगवान: तिच्या तळाला पंख असतात, वेग घेतला की ती पाण्यावर उचलली जाते आणि सुमारे दीड तासात पोचवते. पण लाटा वाढल्या की आधी तीच बंद होते. दुसरी जड फेरीबोट. तिला अडीच-तीन तास लागतात, पण ती गाड्या, सामान नेते आणि जास्त लाटा सोसते. वादळात दोन्ही थांबतात. म्हणून तिथल्या गरोदर बाईला दिवस भरण्याआधीच शहरात मुक्कामाला जावं लागतं. तारीख जवळ आल्यावर वाऱ्याच्या भरवशावर कसं राहायचं?