औषध तेच, केवडा तोच. मग गुण का येत नाही?

आणे पठारावरून घाट उतरून बेल्हे, आळेफाटा मार्गे नारायणगावकडे निघाले की कोरडवाहू शेते मागे पडून द्राक्षमळे दिसू लागतात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला व पाने रात्रभर ओली राहिली की या मळ्यांत केवडा येतो. फुलोऱ्यातील घडांवर तो उतरला तर वर्षाची मेहनत वाया जाते. अशा वेळी पूर्वी हमखास गुण देणारे औषध निष्फळ ठरले, तर दोष भेसळीला किंवा फवारणाऱ्या गड्याला दिला जातो. कधी तो खराही असतो. परंतु पुष्कळदा कारण रोगजंतूच्या शरीरातील एका अतिसूक्ष्म बदलात असते.

ॲझॉक्सिस्ट्रोबिन हे औषध 1996 साली बाजारात आले. या वर्गाचे मूळ द्रव्य पाइनच्या फळांवर उगवणाऱ्या एका लहानशा अळिंबीत सापडले होते. रोगजंतूच्या पेशीत श्वसनाचे काम करणारे सायटोक्रोम-बी नावाचे एक प्रथिन असते. त्याच्या खाचेत हे औषध कुलपात किल्ली बसावी तसे बसते. श्वसन थांबते आणि जंतू शक्तीअभावी मरतो. या प्रथिनाच्या साखळीत 143 व्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान ॲमिनो आम्ल असते. तेथे किंचित मोठे ॲलानीन आले की खाचेत तेवढीच अडचण होते व किल्ली आत जात नाही. प्रथिनाचे स्वतःचे काम मात्र चालूच राहते. महाराष्ट्रातील द्राक्षबागांतील केवड्यात हा बदल आढळल्याची नोंद मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी केली आहे.

हा बदल फवारणीमुळे घडत नाही. असंख्य बीजाणूंत तो एखाद्यात आपोआप होतो. फवारणी बाकीच्यांना मारून त्या एकाला रान मोकळे करून देते. अशा बागेत मात्रा वाढविणे व्यर्थ होय. खर्च वाढतो आणि निर्यातीच्या मालात औषधाचा अंश राहण्याचा धोकाही वाढतो. पायराक्लोस्ट्रोबिन किंवा क्रेसॉक्झिम-मिथाइल घेतल्यानेही भागत नाही, कारण बाटलीवरचे नाव निराळे असले तरी खाच तीच.

प्रत्येक जंतूत हा बदल सारखाच नसतो. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या पिकावरील करप्याच्या जंतूत अमेरिकेत जो बदल आढळला, तो 129 व्या जागेचा आहे. तेथे औषधाची पकड सैल होते, पण पूर्ण सुटत नाही. गुण कमी येतो, पण येतो. माणसाच्या औषधांतही हाच प्रकार दिसतो. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब हे औषध कायनेज जातीच्या प्रथिनाला बांधते. त्यातील 315 व्या जागेचे एक ॲमिनो आम्ल बदलले की ते निरुपयोगी ठरते.

म्हणून एकाच वर्गाचे औषध लागोपाठ फवारू नये. ताम्रयुक्त औषधे व मॅन्कोझेब जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतात, त्यामुळे एका जागेच्या बदलाने जंतूचा बचाव होत नाही. फ्रान्समध्ये 1885 साली याच केवड्यासाठी बोर्डो मिश्रणाची कृती प्रसिद्ध झाली. मोरचूद व चुन्याचे ते मिश्रण आजही उपयोगी पडते. मात्र ते पानाच्या आत शिरत नाही. म्हणून रोग लागण्यापूर्वीच, पानांची खालची बाजू नीट भिजेल अशा रीतीने ते फवारावे लागते.