डोंगराची नाडी पाहणारे शास्त्रज्ञ

आपली काळी कसदार जमीन ज्या दगडापासून झाली, तो कोट्यवधी वर्षांपूर्वीचा लाव्हारस. महाराष्ट्रातली ती आग केव्हाच विझली. पण फिलिपाइन्समधला पिनाटुबो डोंगर सुमारे पाचशे वर्षे गप्प राहून १९९१ साली जागा झाला. त्याच्या उतारावर लोक शेती करीत होते. झोपलेल्या डोंगराचे भय कोणाला वाटणार?

२ एप्रिलला वाफेचे स्फोट झाले. फिलिपाइन्स व अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी भोवताली भूकंपमापक यंत्रे बसविली. पोटातला वितळलेला खडक वर सरकू लागला, की जमीन बारीक हादरते आणि गंधकाचा वायू सुटतो. मे महिन्यात पंधरवड्यात हा वायू रोजी ५०० टनांवरून ५,००० टनांवर गेला. मग एकाएकी घटला. संकट टळले काय? नाही! वाट बुजून आत दाब कोंडत असावा, असे शास्त्रज्ञांनी ताडले.

ज्वालामुखीचा कहर दाखविणारी चित्रफीत लोकांना दाखविली गेली. हजारो कुटुंबे घरदार सोडून निघाली. १५ जूनला महास्फोट झाला. राख सुमारे ३५ किलोमीटर उंच उडाली. नेमके त्याच दिवशी वादळ आले. भिजून जड झालेल्या राखेने छपरे कोसळली, शेकडो माणसे दगावली. पुढे कित्येक पावसाळे राखेच्या चिखलाने शेते गाडली. तरीही किमान ५,००० जीव वाचले, असा अंदाज आहे.

डोंगराला थोपविता येत नाही. पण इशारा वेळेवर मिळाला आणि लोकांनी तो मानला, तर माणसे वाचतात.