सिकलसेलच्या धाडसी संशोधनाला सरकारी निधी हवा

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत सिकलसेल हा शब्द घरोघरी माहीत आहे. आदिवासींप्रमाणेच बौद्ध समाजातही हा आनुवंशिक आजार आढळतो. केंद्राने २०२३ मध्ये सुरू केलेल्या निर्मूलन अभियानाचा भर तपासणी आणि समुपदेशनावर आहे. ते हवेच. पण जी मुले आज वेदना सोसत आहेत, त्यांच्यासाठी कायमचा आणि परवडणारा उपचार कोण शोधणार?

जनुक-संपादनाचा ‘कॅसजेव्ही’ हा उपचार २०२३ मध्येच ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. आपल्या माणसांना तो असून नसल्यासारखाच.

विद्यापीठातला संशोधक नवी कल्पना घेऊन निधी मागतो, तेव्हा समिती आधी प्राथमिक निष्कर्ष मागते. निष्कर्षासाठी पैसा आणि पैशासाठी निष्कर्ष! पेनसिल्व्हानिया विद्यापीठात कॅटलिन कारिको यांचे एम-आरएनए संशोधनासाठीचे अर्ज वारंवार फेटाळले गेले, १९९५ मध्ये त्यांची पदावनती झाली. २०२३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा ‘पायोनियर’ निधी मात्र प्राथमिक निष्कर्षांची अट न घालता पाच वर्षांसाठी मिळतो.

भारतात २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले आहे. विदर्भातील विद्यापीठांना सिकलसेलसाठी त्याने असाच निधी द्यावा, अशी आमची मागणी आहे. दहातले नऊ प्रयोग फसले तरी चालतील. आणि आपल्या पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींनी अर्ज करायला कचरू नये. जय भीम!