क्लिपलेस पेडल खरंच 'कार्यक्षम' असतात का? एका साध्या प्रश्नातून मोजमापाचा धडा

रोड सायकल चालवणाऱ्या कुणालाही विचारा, "साधी पेडल काढून क्लिपलेस लावू का?" उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: "लाव की! साध्या पेडलवर तू फक्त खाली दाबतोस. क्लिपलेसमध्ये पाय वर येतानाही ओढता येतं, म्हणजे अर्धी फेरी वाया जात नाही." ऐकायला हे इतकं पटतं की पुढे काही विचारावंसं वाटत नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासारख्यांनी मात्र इथेच थांबायचं. पटणारं स्पष्टीकरण आणि तपासलेलं स्पष्टीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दाव्याची तपासणी प्रयोगशाळेत झालेली आहे. आज ती समजून घेऊ, कारण तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'आउटकम व्हेरिएबल' नावाचा जो रकाना असतो, तो कसा भरावा आणि कसा भरू नये हे इथे फार छान दिसतं.

आधी वस्तू समजून घेऊ

'क्लिपलेस' या नावानं गोंधळ होतो. पाय तर पेडलमध्ये 'क्लिप' होतो, मग लेस कसलं? पूर्वी रेसिंग सायकलींच्या पेडलवर पुढे धातूचा पिंजरा आणि वर चामड्याचा पट्टा असायचा. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. नव्या पेडलला तो पिंजरा नाही, म्हणून क्लिपलेस. बुटाच्या तळव्याला क्लीट नावाचा तुकडा स्क्रूनं बसवतात. तो पेडलच्या स्प्रिंगमध्ये खटकन अडकतो आणि टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की सुटतो. फ्रान्सच्या लूक कंपनीनं स्की बूट अडकवण्याचं आपलं तंत्र सायकलवर आणलं आणि १९८४ साली अशी पेडल बाजारात आणली. १९८५ मध्ये बर्नार्ड इनोनं ती वापरून टूर द फ्रान्स जिंकली आणि मग टो-क्लिप मागे पडल्या.

पाय नेमकं काय करतो?

घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. बारापासून सहापर्यंत पाय खाली जातो आणि सहापासून बारापर्यंत वर येतो. पेडलमध्ये सेन्सर बसवून बल मोजलं तर खाली जाणारा पाय जवळजवळ सगळं काम करताना दिसतो. वर येणारा पाय बहुतेक वेळा पेडलवर थोडा रेलून असतो, म्हणजे उलट दिशेनं थोडा टॉर्क देतो. क्लीट अडकवलेले अनुभवी सायकलपटूसुद्धा नेहमीच्या वेगात पाय फारसा ओढत नाहीत.

हा उलटा टॉर्क बघून वाटतं, "अरे, ही तर गळती!" पण दोन्ही क्रँक एकमेकांना जोडलेल्या आहेत हे विसरू नका. माणसाच्या एका पायाचं वजन शरीराच्या साधारण सहाव्या भागाइतकं असतं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचा एक पाय सुमारे दहा किलोचा. एक पाय वर येताना दुसरा तेवढ्याच वजनाचा पाय खाली जात असतो. विहिरीच्या रहाटाला दोन बाजूंना दोन सारख्या बादल्या लावल्यासारखं हे आहे. वर येणाऱ्या पायाचं वजन उचलायचं काम बरंचसं खाली जाणाऱ्या पायाचं वजनच करतं. आलेखावर जी गळती दिसते ती शरीराच्या हिशेबात गळती असेलच असं नाही.

एकच शब्द, दोन मोजमापं

आता कळीचा मुद्दा. बोलताना आपण 'कार्यक्षमता' हा एकच शब्द वापरतो, पण मोजायला दोन वेगळ्या राशी आहेत.

पहिली आहे बलाची परिणामकारकता. पेडलवर दिलेल्या एकूण बलापैकी किती भाग क्रँकला काटकोनात, म्हणजे क्रँक फिरवण्याच्या कामी आला, याचं हे गुणोत्तर. सगळा हिशेब पेडलपाशी होतो.

दुसरी आहे शरीराची कार्यक्षमता. सायकलला मिळालेली यांत्रिक ऊर्जा भागिले शरीरानं त्यासाठी खर्च केलेली ऊर्जा. ही मोजायला तोंडावर मास्क लावून, आत घेतलेला ऑक्सिजन आणि बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो. माणसाच्या बाबतीत ही साधारण वीस टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे पेडलवर २०० वॅट हवे असतील तर शरीर १००० वॅटच्या दरानं ऊर्जा खर्च करतं. एक लिटर ऑक्सिजनमागे सुमारे २० किलोज्यूल धरले, तर मिनिटाला जवळपास तीन लिटर ऑक्सिजन लागतो.

घाट चढताना तुम्हाला दमवते ती दुसरी राशी. पण 'ओढल्यानं फायदा होतो' हा दावा ज्या आलेखांवर उभा आहे, ते पहिल्या राशीचे असतात. पहिली वाढली की दुसरी आपोआप वाढेल हे आपण मनातल्या मनात गृहीत धरतो, आणि तपासायला हवं ते नेमकं हेच गृहीतक.

तपासल्यावर काय दिसलं

२००७ मध्ये कॉर्फ आणि सहकाऱ्यांनी आठ सायकलपटूंना ९० आरपीएम आणि २०० वॅटवर चार पद्धतींनी पेडल मारायला लावलं: नेहमीसारखं, गोल फिरवण्यावर लक्ष देऊन, वर ओढण्यावर भर देऊन आणि खाली दाबण्यावर भर देऊन. ओढण्याच्या पद्धतीत बलाची परिणामकारकता सगळ्यात जास्त आली आणि शरीराची कार्यक्षमता सगळ्यात कमी!

२००८ मध्ये मॉर्निओ आणि सहकाऱ्यांनी आठ एलिट सायकलपटू आणि सात सायकल न चालवणारे लोक घेतले. साधी पेडल, क्लिपलेस पेडल आणि क्लिपलेसवर पडद्यावर बल दाखवून मुद्दाम वर ओढायला लावणं, अशा तीन स्थिती. साधी आणि क्लिपलेस यांत परिणामकारकता, कार्यक्षमता आणि स्नायूंची हालचाल, कशातच लक्षणीय फरक आला नाही. मुद्दाम ओढायला लावल्यावर वर येतानाची परिणामकारकता एलिट गटात ८६ टक्क्यांनी आणि दुसऱ्या गटात ५७ टक्क्यांनी वाढली. त्याच वेळी कार्यक्षमतेत अनुक्रमे ९ आणि ३.३ टक्के घट झाली.

ही आकडेवारी परत एकदा वाचा. एका राशीवर बोट ठेवलं तर 'जबरदस्त सुधारणा' असा पेपर लिहिता येतो आणि दुसरीवर ठेवलं तर 'नुकसान' असा. डेटा मात्र त्याच पायांचा आहे.

कारण समजायला सोपं आहे. मांडीचे पुढचे आणि नितंबाचे मोठे स्नायू जे काम करत होते, त्यातलं काही आपण मांडीच्या मागच्या आणि नडगीच्या पुढच्या स्नायूंकडे सोपवतो. पेडलवर वॅट तेवढेच, पण जादा स्नायू कामाला लागले आणि त्यांचा ऑक्सिजनचा खर्च वाढला.

बूट की पेडल?

"पण मी बदलले आणि मला फरक जाणवला!" असं बरेच जण म्हणतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. फक्त पेडल बदलताना त्यांनी आणखी काय काय बदललं ते बघा. कडक तळव्याचे नवे बूट आले. बहुधा सीटची उंचीही जुळवली. खिसा हलका झाल्यामुळे उत्साह वाढला तो वेगळाच. इतक्या गोष्टी एकदम बदलल्या तर श्रेय कुणाला द्यायचं? यालाच आपण गोंधळकारक घटक, बोलीभाषेत 'कन्फाउंडर' म्हणतो.

कोलोरॅडो विद्यापीठातल्या स्ट्रॉ आणि क्रॅम यांनी २०१६ मध्ये यासाठी पायऱ्या पाडल्या: मऊ धावायचे बूट आणि साधी पेडल, तेच बूट पण टो-क्लिपसह, आणि सायकलिंगचे कडक बूट क्लिपलेससह. मध्यम जोराच्या, स्थिर वेगाच्या सायकलिंगमध्ये ऊर्जेच्या खर्चात लक्षणीय फरक आढळला नाही.

मग सगळे रेसर वेडे आहेत का?

अजिबात नाही. ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर वापरतायत. स्प्रिंटमध्ये काही सेकंदांसाठी शरीराकडे आहे ते सगळं ओतायचं असतं, तिथे ऑक्सिजनची काटकसर कोण बघतं? १९९७ मध्ये कॅपमाल आणि वांदवाल यांनी सायकल अर्गोमीटरवरच्या स्प्रिंटची तुलना केली तेव्हा टो-क्लिपसह कमाल शक्ती जास्त मिळाली. शिवाय क्लीटमुळे खडबडीत रस्त्यावर किंवा जास्त आरपीएमला पाय घसरत नाही, उभं राहून जोर लावता येतो आणि चवडा दर वेळी त्याच जागी बसतो. हे फायदे खरे आहेत, फक्त त्यांना 'कार्यक्षमता' हे नाव चुकीचं आहे.

आणि उलट दिशेनंही सावध राहा. 'लक्षणीय फरक आढळला नाही' याचा अर्थ 'फरक नाहीच' असा होत नाही. आठ-दहा जणांच्या प्रयोगात अगदी बारीक फरक निसटू शकतो. कॉर्फ यांच्या प्रयोगात लोकांना ओढायची पद्धत महिनोन्‌महिने शिकवलेलीही नव्हती. सरावानं निकाल बदलेल का, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याला स्वतंत्र प्रयोग लागतो. पेपर वाचताना त्यानं काय विचारलंच नाही याची वेगळी यादी करत चला.

तरीही बदलायचं असेल तर

खुशाल बदला, पण कशासाठी ते ठरवून. रोड प्रकारचं क्लीट तीन स्क्रूंचं, मोठं आणि तळव्याबाहेर आलेलं असतं. चहाच्या टपरीपर्यंत बदकासारखं चालावं लागतं आणि प्लास्टिक झिजतं. रोज कॉलेजला जायचं असेल तर दोन स्क्रूंचं, तळव्याच्या खाचेत बसणारं छोटं एसपीडी क्लीट सोयीचं.

क्लीटचे रंग नीट बघून घ्या. अडकल्यावरही टाच थोडी इकडेतिकडे हलू शकते, त्याला फ्लोट म्हणतात. शिमानोच्या एसपीडी-एसएलमध्ये पिवळं क्लीट ६ अंश, निळं २ अंश आणि लाल ० अंश. लूकच्या किओमध्ये काळं ० अंश, करडं ४.५ आणि लाल ९ अंश! एका कंपनीचं लाल म्हणजे अजिबात हालचाल नाही, दुसरीचं लाल म्हणजे सगळ्यात जास्त. बुटाला दोन्ही बसतात, पण एकाचं क्लीट दुसऱ्याच्या पेडलमध्ये चालत नाही. नवख्यानं जास्त फ्लोटवाल्यापासून सुरुवात करावी, कारण पाय चुकीच्या कोनात जखडला तर त्रास गुडघ्याला होतो. स्प्रिंग सैल ठेवा, आधी भिंतीला धरून पाच-पन्नास वेळा अडकवा-सोडवा आणि सिग्नल दिसताच, थांबायच्या आधीच, एक पाय मोकळा करा.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या प्रस्तावातली मुख्य राशी एका कागदावर लिहा. तिच्याखाली लिहा: "ही वाढली म्हणजे मला खरंच जे हवंय ते वाढलं, असं मी कशाच्या आधारावर म्हणतोय किंवा म्हणतेय?" उत्तरात एखाद्या प्रयोगाचा आधार आला तर उत्तम. "ते तर उघडच आहे" असं उत्तर आलं, तर गाइडकडे जाण्याआधी तेवढंच तपासा. राशीची निवड डेटा गोळा करण्याआधी बदलता येते, नंतर फक्त तिचं समर्थन करता येतं.