भिंतीतून निसटणारा न्यूट्रॉन

बीड जिल्ह्यात वीजनिर्मिती म्हटली की परळीचे औष्णिक केंद्र आठवते. तारापूरला मात्र १९६९ पासून अणुभट्टीची वीज तयार होते आणि तिथे न्यूट्रॉन अडवायला भट्टीभोवती जाड कवच लागते. ते किती जाड हवे, हे ठरवणारे मूळ आकडे नीट तयार करणे हे वेगळेच काम आहे. अंबाजोगाईत भौतिकशास्त्र शिकणाऱ्यालाही ते साध्या संगणकावर करून पाहता येते.

हे आकडे म्हणजे क्रॉस-सेक्शन: न्यूट्रॉनची अणुकेंद्राशी गाठ पडण्याची शक्यता, क्षेत्रफळात मांडलेली. तिचे एकक बार्न: एका चौरस सेंटिमीटरचे एकावर २४ शून्ये इतके भाग केल्यास त्यातला एक. मंद न्यूट्रॉन शोषण्यासाठी बोरॉन-१० कडे सुमारे ३,८०० बार्न असतात, हायड्रोजनकडे एक बार्नही नाही.

प्रथम माहितीसंग्रह घ्या. अमेरिकेचा ईएनडीएफ, जपानचा जेन्डल आणि युरोपचा जेफ हे तिन्ही मोफत मिळतात. त्यात लोह-५४, ५६, ५७, ५८ अशी समस्थानिके, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, स्वतंत्र दिलेली असतात.

ठरावीक ऊर्जेला क्रॉस-सेक्शन अचानक उसळते. या शिखरांना अनुनाद म्हणतात. संग्रहात त्यांचे फक्त सूत्रांचे घटक असतात. लॉस अलामॉस प्रयोगशाळेचा ‘एनजॉय’ हा प्रोग्रॅम त्यांतून बिंदूबिंदूंचा आलेख उभा करतो. पदार्थ तापला की शिखरे रुंदावतात, म्हणून तापमान द्यावे लागते, तेही केल्विनमध्ये.

आता खरी जोखमीची पायरी. हजारो बिंदू पेलवत नाहीत, म्हणून ऊर्जेचे १७५ किंवा १९९ गट पाडून प्रत्येकाची सरासरी काढतात. कवचाची गणिते इथेच सर्वाधिक फसतात. लोह-५६ चे क्रॉस-सेक्शन २४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास एकदम कोसळते आणि त्या ऊर्जेचे न्यूट्रॉन जाड पोलादातूनही पार होतात. शेताच्या बांधाची सरासरी उंची कितीही असो, पाणी जाते ते फुटलेल्या जागेतून. शिखरांच्या वजनाने ही दरी सरासरीत बुजली, तर कागदावर भिंत प्रत्यक्षापेक्षा भक्कम दिसते. म्हणून सरासरी काढताना त्या पदार्थात खरोखर उरणाऱ्या न्यूट्रॉनांचा भार द्यावा. याला स्व-आच्छादनाची दुरुस्ती म्हणतात. गट थोडे ठेवायचेच असतील, तर आधी बारीक गटांत गणित करून मगच ते एकत्र करा.

टकरीनंतर न्यूट्रॉन कोणत्या दिशेला जातो, हेही नोंदवावे लागते. जाड कवचात पुढच्या दिशेला झुकलेले विकिरण महत्त्वाचे असते. शोषणातून निघणारे गॅमा किरणही विसरू नयेत: हायड्रोजनने न्यूट्रॉन गिळला की २.२ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा बाहेर पडतो.

शेवटी कवचाच्या काँक्रीटचे घटक भरा. त्यातल्या पाण्याचे प्रमाण पुस्तकातून उचलू नका. वेगवान न्यूट्रॉनांना मंद करणारा हायड्रोजन तिथेच असतो आणि काँक्रीट तापत राहिले की तो घटतो.

आकड्यांचा तयार संच मोजमापाशी ताडल्याशिवाय वापरू नये. तुर्भ्याच्या ‘अप्सरा’ अणुभट्टीत, जी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, कल्पाक्कमच्या शीघ्र, म्हणजे वेगवान न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या, अणुभट्टीच्या कवचासाठी असे प्रयोग झाले. आपल्या गणितात तफावत दिसली, तर भिंतीची जाडी बदलण्याआधी लोखंडाचे गट पुन्हा तपासा.