उत्तर हाताशी असताना

नाशिकच्या बाजार समितीत कोथिंबीर शेकड्याने जाते, पिंपळगाव बसवंतला टोमॅटो वीस किलोच्या जाळीने आणि लासलगावला कांदा क्विंटलने. एकाच जिल्ह्यात, एकाच सकाळी तीन मापं. वर्तमानपत्रातला बाजारभावाचा रकाना आमच्याकडे साडेआठच्या सुमारास, पोहे संपता संपता, मोठ्याने वाचला जातो. वाचतो तो नऊ वर्षांचा धाकटा. तेरा वर्षांची थोरली ऐकते आणि मधेच हिशोब दुरुस्त करते. त्या वेळेपर्यंत कॉलनीतून शाळेच्या व्हॅन निघून गेलेल्या असतात. आमची दोघं शाळेत जात नाहीत.

एके दिवशी धाकट्याने विचारलं, “शेकडा साडेतीन हजार म्हणजे जुडी पस्तीसची झाली. मग कोपऱ्यावरच्या मावशी वीस रुपयांना कशी देतात? तोटा नाही होत?” प्रश्न ऐकल्याबरोबर माझ्या तोंडाशी दोन-तीन उत्तरं आली: कालचा माल असेल, भाव दुपारनंतर उतरला असेल. मी ती गिळली आणि म्हटलं, संध्याकाळी त्यांनाच विचार. तो विचारून आला. लिलावातली जुडी मोठी असते, मावशी ती सोडून तिच्या तीन छोट्या जुड्या बांधतात. त्यातली खालची पिवळी पानं फेकावी लागतात, उन्हात शेवटची काही सुकून जातात, रिक्षाचं भाडं वेगळं. घरी आल्यावर त्याने पाटीवर पस्तीस रुपयांची एक बाजू आणि साठ रुपयांची दुसरी बाजू मांडली आणि मधल्या पंचवीस रुपयांतून काय काय वजा होतं ते एकेक करून लिहिलं. पाठ्यपुस्तकात ज्याला नफा-तोटा म्हणतात तो धडा तिथे झाला. माझ्या तोंडाशी आलेली उत्तरं देऊन टाकली असती तर तो मावशींपर्यंत गेलाच नसता.

घरी मुलांना शिकवता म्हणजे नेमकं काय करता, असं लोक विचारतात. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक फळा, वेळापत्रक आणि हातात पट्टी घेतलेली आई असते. माझ्या दिवसातला शिकवण्याचा भाग फार थोडा आहे. बाकीचं काम म्हणजे प्रश्न पडला हे लक्षात येणं, उत्तर हाताशी असलं तरी ते लगेच न देणं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे किंवा जिथे आहे तिथपर्यंत मुलाला जाता येईल अशी सोय करणं. ऐकायला सोपं वाटतं. पण दिवसभर, गॅसवर भाजी असताना, एकीकडे स्वतःचं कामाचं फोनवर बोलणं चालू असताना, हे लक्ष जागं ठेवणं हेच मला सर्वांत दमवणारं वाटतं.

दुपारचा वेळ शांत असतो. थोरली तिच्या विषयांना बसते, सलग दीड-दोन तास. धाकटा तसा बसत नाही. तो काहीतरी उघडतो, जोडतो, आजीच्या खोलीत जाऊन येतो. आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे अजून तोंडपाठ आहेत. पाठांतराबद्दल माझं मत सुरुवातीला फारसं बरं नव्हतं. अर्थ कळल्याशिवाय नुसतं घोकून काय मिळणार, असं वाटायचं. पण सासूबाई पाढे म्हणताना हात थांबवत नाहीत. शेंगा सोलता सोलता म्हणतात, आणि मूल त्या तालात आपोआप ओढलं जातं. धाकट्याची पाऊणकी अशीच पाठ झाली. ती कुठे उपयोगी पडेल हे तेव्हा आम्हां कोणालाच माहीत नव्हतं.

उपयोगी पडली ती पांडवलेण्यात.

त्रिरश्मी डोंगरातली ही चोवीस लेणी शहराच्या इतकी जवळ आहेत की नाशिककर तिथे सकाळी व्यायामाला चढतात. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत, ब्राह्मी लिपीत. नहपानाच्या काळातले, म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. थोरलीला तेव्हा लिप्यांचं वेड लागलं होतं. ब्राह्मी अक्षरांचा तक्ता वहीत उतरवून ती वर चढली आणि व्हरांड्याच्या भिंतीशी अर्धा तास उभी राहिली. तिला ओळखू आलेली अक्षरं मोजकीच होती. क, त, न, र अशी. पण ती तिची तिला सापडली होती. लेखाचा अर्थ मी आधी पाहून ठेवला होता. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी या लेण्यांच्या लेखांवर काम केलेलं आहे. तो मजकूर मी थोरलीला दिला आणि बाजूला झाले.

उषवदाताने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. थोरलीने हे वाचून दाखवलं आणि धाकटा खाली बसून बोटाने धुळीत आकडे मांडू लागला. दोन हजारांचे महिन्याला वीस. बारा महिन्यांचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा. दोनशे चाळीस. “जुळलं!” तो ओरडला, आणि व्यायामाला आलेले दोन काका वळून बघायला लागले. मग दुसरी ठेव. हजाराला शेकडा पाऊण म्हणजे दहा पाऊण. पाऊणकीत दहाला साडेसात. महिन्याला साडेसात, वर्षाला नव्वद. आजीने शेंगा सोलताना म्हटलेला पाढा त्याने नहपानाच्या जावयाच्या ठेवीला लावला होता.

हा हिशोब मी त्याला वहीत घालून देऊ शकले असते. सरळव्याजाचं उदाहरण म्हणून कुठल्याही पुस्तकात तो शोभला असता. पण त्याने तो त्या दगडासमोर बसून मांडला, स्वतः पडताळला. इतक्या जुन्या माणसांचा हिशोब बरोबर होता याचं त्याला जे आश्चर्य वाटलं ते माझ्या हातात नव्हतं. पुढचे कित्येक दिवस घरात नाण्यांचाच विषय होता. १९०६ साली जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारला होता, हे थोरलीने ग्रंथालयातून शोधून आणलं. जिंकलेल्या राजाने नाणी वितळवून नवीन का पाडली नाहीत, यावर दोघांचं जेवताना भांडण झालं. मी मध्ये पडले नाही.

नाशिकमध्ये असं घर चालवणं सोपं जातं त्याचं एक कारण सार्वजनिक वाचनालय. १८४० पासूनची ही संस्था आहे. मुलांना तिथे स्वतः कपाटांपुढे उभं राहून पुस्तक निवडता येतं. धाकटा साडेसात वर्षांचा होईपर्यंत वाचत नव्हता. नातेवाईक काळजीने विचारत, मला रात्री झोप लागत नसे. तो वाचायला शिकला ते सिटीलिंक बसच्या पाट्यांवरून. “निमाणी” हा त्याने स्वतः जोडून वाचलेला पहिला शब्द. त्यानंतर तीन-चार महिन्यांत त्याने वाचनालयातल्या गोष्टींच्या पुस्तकांचा फडशा पाडला. त्या आधीच्या दीड वर्षात मी काय केलं असं कोणी विचारलं तर सांगते: रोज रात्री त्याला वाचून दाखवलं, आणि “आता तू वाच” असं म्हणायचं टाळलं.

दोघंही झोपल्यावर मी नोंदवही लिहिते. आज कोणी काय विचारलं, त्याचं पुढे काय झालं, कुठे अडलं. “धाकटा: सावली दुपारी लहान का? काठी रोवली, दोन वेळा खुणा केल्या, मग कंटाळला.” “थोरली: अपूर्णांकांचा भागाकार कळल्यासारखा वाटतो, पण उदाहरण स्वतः तयार करता येत नाही.” असं साधं. या वहीचा सर्वांत मोठा उपयोग असा की काय अर्धवट सुटलंय ते दिसतं. काठीच्या सावलीचा विषय दोन महिन्यांनी आपोआप परत आला तेव्हा जुन्या खुणांचे आकडे वहीत होते, आणि सावली तेवढीच का नाही, हा नवा प्रश्न त्यांतूनच निघाला.

कायद्याचं काय, हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत मोफत शिकण्याचा हक्क त्याने दिला. घरी शिकण्याबद्दल त्यात स्पष्ट तरतूद नाही. दिल्ली उच्च न्यायालयात हा प्रश्न गेला तेव्हा, २०१२ मध्ये, केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात सांगितलं की जे पालक स्वेच्छेने हा मार्ग निवडतात त्यांच्या आड कायदा येत नाही. आमच्यासारखी घरं या आधारावर उभी आहेत. हा आधार ठिसूळ आहे असं मला वाटतं. कायद्यातच दोन ओळी स्पष्ट असत्या तर बरं झालं असतं.

परीक्षेची वाट मात्र रुळलेली आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९ मध्ये सुरू झालं. मुक्त विद्यालयाच्या दहावीसाठी वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि पाच वर्षांत नऊ संधी. एकेक विषय सुटा देता येतो. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्मही आहे, पण त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि जे मूल शाळेत गेलंच नाही त्याच्याकडे तो कुठून येणार? मुंबईच्या मालविका जोशीची गोष्ट या घरांमध्ये सगळ्यांना माहीत असते. तिच्याकडे दहावी-बारावीची प्रमाणपत्रं नव्हती, त्यामुळे आयआयटीचं दार बंद होतं. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांवर ती २०१६ मध्ये एमआयटीत गेली. मला तिचा फार आदर वाटतो. पण प्रत्येक मूल ऑलिंपियाडला जात नाही, जाण्याची गरजही नाही. म्हणून आम्ही कागदाचा रस्ता धरून ठेवला आहे.

हे सगळं कोणाला परवडतं, याबद्दलही बोललं पाहिजे. आमच्या घरात एक पूर्ण पगार आहे, सासूबाई आहेत, आणि मला घरून अर्धवेळ काम करता येतं. यांतलं एक जरी नसतं तरी हे चाललं नसतं. मला माहीत असलेल्या जवळजवळ प्रत्येक घरी नोकरी सोडली ती आईने. पेठ, सुरगाण्याकडच्या पाड्यांवरच्या मुलीसाठी आश्रमशाळा म्हणजे शिकण्याचं एकमेव दार असतं. त्या शाळा चांगल्या व्हाव्यात यासाठी भांडणं हे घरी शिकवण्यापेक्षा मोठं काम आहे, आणि शाळा नकोत असं म्हणणाऱ्यांमध्ये मी बसू शकत नाही. घरी शिकण्याची वेळ एकेकाळी बायकांवर नाइलाजाने आली होती. निफाडला जन्मलेल्या महादेव गोविंद रानड्यांची १८७८ मध्ये नाशिकला बदली झाली तेव्हा त्यांच्या पत्नी रमाबाई जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. पुण्याच्या घरातल्या बायकांचा त्यांच्या शिकण्याला विरोध होता. नाशिकला आल्यावर त्यांना शिकायला मोकळी हवा मिळाली, आणि सभेत पहिलं भाषणही त्यांनी याच शहरात केलं. त्याच रमाबाई पुढे मुलींच्या शाळांसाठी झटल्या. मी हे थोरलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे त्यांना शाळा मिळाली असती तर त्या गेल्या असत्या.” मी म्हटलं, हो, नक्की गेल्या असत्या.

थोरलीला पुढच्या वर्षी चौदा पूर्ण होतील. तिने पाच विषय स्वतः निवडले आहेत: मराठी, इंग्रजी, गणित, अर्थशास्त्र आणि चित्रकला. गणित आणि अर्थशास्त्र एप्रिलमध्ये, बाकीचे ऑक्टोबरमध्ये, असं तिनेच ठरवलं. अकरावीला तिला कॉलेजात जायचं आहे. साठ मुलांच्या वर्गात रोज बसणं कसं असतं ते बघायचंय, म्हणते. तिच्या बाबांनी जन्मदाखला, आधार आणि रहिवासाचे कागद एका फाइलमध्ये लावायला घेतले आहेत. कॉलेजला जायला कुठली बस सोयीची पडेल हे धाकटा आत्तापासून शोधतो आहे.